‘शांत’ कुठे चालतो आणि कुठे अडतो

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. तुम्ही इंग्रजीतला एक कथासंग्रह मराठीत आणताय. संपादकांनी हस्तलिखितात ‘शांत’ आणि ‘शांतता’ या शब्दांना जागोजागी लाल गोल केलेत आणि समासात ‘तोचतोचपणा’ असा शेरा मारलाय. म्हणून तुम्हाला समानार्थी शब्दांची यादी हवी आहे. नमुना म्हणून चार वाक्यं दिलीत: ‘तिने उत्तर दिलं नाही, ती शांत होती.’ ‘दुपारी बाजार शांत होता.’ ‘बातमी ऐकून खोली शांत झाली.’ ‘इंजेक्शन दिल्यावर आजोबा शांत झाले.’

यादी देणं अवघड नाही. गप्प, मूक, मौन, स्तब्ध, नीरव, निःशब्द, निवांत, सामसूम, शुकशुकाट, चिडीचूप, लगेच दहा शब्द होतील. पण ती यादी शेजारी ठेवून तुम्ही आलटूनपालटून शब्द पेरलेत तर हस्तलिखित आत्ताच्यापेक्षा बिघडेल. अनुवाद तपासण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय आणि हा शेरा नवख्या अनुवादकांच्या कागदांवर नेहमी दिसतो. तोचतोचपणा ही वरवरची तक्रार. खरी अडचण अशी की इंग्रजीतल्या ‘सायलेन्स’, ‘क्वाएट’, ‘काम’ (calm), ‘स्टिल’ या चारही शब्दांना तुम्ही एकाच दारातून आत घेतलंय, आणि ते दार मुळात आवाजाचं नाही.

‘शांत’ आलाय ‘शम्’ या संस्कृत धातूवरून. निवणं, ओसरणं, थांबणं हा त्याचा अर्थ. शमन, उपशम, पित्तशामक, प्रशांत ही सगळी त्याच घरातली मंडळी. (‘सांत्वन’ त्यातलं वाटतं, पण नाही, त्याचा धातू वेगळा.) म्हणजे शांत होण्यासाठी आधी काहीतरी उसळलेलं, पेटलेलं, खवळलेलं असावं लागतं. राग शांत होतो, वादळ शांत होतं, पोटातली आग शांत होते. समुद्र शांत आहे म्हणून होड्या निघाल्या, असं आपण म्हणतो तेव्हा किनाऱ्यावर लाटांचा आवाज चालूच असतो. पाणी खवळलेलं नाही एवढंच सांगायचं असतं. १५२० मध्ये मॅगेलनने ज्या महासागराला ‘शांत’ अशा अर्थाचं नाव दिलं, त्याला आपण प्रशांत म्हणतो तेही याच हिशेबाने.

रसांचंच बघा. भरताच्या नाट्यशास्त्रात मूळ रस आठ. शांत हा नववा, मागाहून आलेला, आणि त्याला रस म्हणावं की नाही यावर मोठा वाद झाला. नाट्यशास्त्राचे भाष्यकार अभिनवगुप्त यांनी त्याची बाजू ठामपणे मांडली. त्याचा स्थायिभाव, म्हणजे त्याच्या मुळाशी असलेली कायमची भावना, ‘शम’ मानतात. ज्ञानेश्वरीच्या अकराव्या अध्यायाच्या सुरुवातीला माऊली म्हणतात की इथे शांत रसाच्या घरी अद्भुत रस पाहुणा आलाय. हा अध्याय विश्वरूपदर्शनाचा, त्यात अर्जुनाची भीतीने गाळण उडते, आणि तरीही यजमान शांतच. आवाज किती आहे याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

म्हणून माझी पहिली कसोटी साधी आहे. वाक्यात ‘शांत’ आला की स्वतःला विचारायचं, आधी काय उसळलेलं होतं? उत्तर सापडलं तर शब्द राहू द्यायचा, दहाव्यांदा आला तरी. नाही सापडलं तर तिथे दुसरं काहीतरी थांबलंय: तोंड, माणसांची ये-जा, हालचाल किंवा कामाची घाई. यातलं काय थांबलंय त्यावर शब्द ठरतो. ही कसोटी काही कायद्यासारखी नाही, तिला अपवाद आहेत. ते पुढे येतील.

आता तुमची वाक्यं. चौथं आधी घेतो, कारण त्यात धोका आहे.

‘इंजेक्शन दिल्यावर आजोबा शांत झाले.’ कसोटीला हे वाक्य उतरतं. आजोबा तळमळत होते, ती तळमळ थांबली. पण मराठी वाचक इथे दचकेल. ‘पहाटे आजोबा शांत झाले’ असं घरातून फोनवर सांगतात तेव्हा ते गेलेले असतात. दिवा विझला म्हणायचं नाही म्हणून ‘दिवा शांत झाला’ म्हणणारी घरं अजून आहेत. बांगडी फुटत नाही, ‘वाढवते’, त्यातलाच हा प्रकार. रुग्णांच्या नातेवाइकांसाठी लिहिलेल्या माहितीपत्रकात ‘या औषधाने रुग्ण काही वेळात शांत होतो’ असं वाक्य माझ्यासमोर आलं होतं. लिहिणाऱ्याच्या मनात काही वावगं नव्हतं, पण ते वाक्य हातात घेऊन दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या बाईचा विचार करा. तिथे मी ‘रुग्णाची अस्वस्थता कमी होते’ असं केलं. तुमच्या कथेत ‘आजोबांची तगमग थांबली’ किंवा ‘आजोबांचा डोळा लागला’. मूळ लेखकाला वाचकाने क्षणभर दचकावं असंच वाटत असेल, तर मात्र ‘शांत झाले’ हेच ठेवा. तेवढी सोय दुसऱ्या कुठल्या शब्दात नाही.

याच शब्दाला आणखी एक फांदी आहे, ती अनुवादात क्वचित लागते पण लागली की पाय घसरतो. ‘शांत’ हे स्त्रीलिंगी नामही आहे, विधी या अर्थाने. घराची वास्तुशांत, साठाव्या वर्षी साठीशांत, अमुक नक्षत्रावर जन्मलेल्या बाळाची शांत. ‘बाळाला शांत केलं’ म्हणजे रडू थांबवलं आणि ‘बाळाची शांत केली’ म्हणजे भटजींना बोलावलं. एका प्रत्ययाचा फरक.

आता पहिलं वाक्य, ‘तिने उत्तर दिलं नाही, ती शांत होती.’ इथे मराठीचा खजिना सगळ्यात भरलेला आहे, म्हणून जरा थांबू या. माणूस बोलत नाही, एवढंच इंग्रजीने सांगितलं तरी चालतं. मराठी लगेच विचारते: का बोलत नाही?

बोलायचं नाही असं तिने ठरवलं असेल तर ‘मौन’. हा शब्द ‘मुनी’वरून आलाय, त्यामुळे त्यात निश्चय असतो, थोडी प्रतिष्ठाही. मौन ‘पाळतात’, ‘धरतात’, ‘सोडतात’. ते आपोआप घडत नाही. राजकारणी माणसाने एखाद्या प्रकरणावर मौन बाळगलं असं वर्तमानपत्र लिहितं ते बरोबर असतं. पाचवीतल्या पोराने गृहपाठाबद्दल मौन बाळगलं असं लिहिलं की विनोद होतो. तो हवा असेल तर जरूर करा.

बोलण्यासारखं आहे पण सोयीचं नाही, तर ती ‘मूग गिळून बसली’. सगळ्यांनी मिळून लपवायचं ठरवलं तर ‘अळीमिळी गुपचिळी’. रागावली आहे म्हणून बोलत नाही, तर ‘अबोला’, आणि तो ‘धरलेला’ असतो. स्वभावच तसा, तर ‘अबोल’. एका कान्याने स्वभाव आणि भांडण वेगळं होतं! मनातलं कधी बाहेर येऊ देत नाही, आणि त्याचा लोकांना जरा त्रासच होतो, तर ‘घुमी’. चारचौघांत तोंड उघडायची भीड वाटते, तर ‘मुखदुर्बळ’. दिलेलं काम किंवा झालेली शिक्षा तिने निमूट पत्करली, तर ‘मुकाट’ किंवा ‘मुकाट्याने’. या शब्दात नेहमी कुणीतरी वरचढ असतो. ‘ती मुकाट्याने जेवली’ आणि ‘ती शांतपणे जेवली’ या दोन वाक्यांतली घरं एक नाहीत. पहिल्यात थोड्या वेळापूर्वी कुणीतरी ओरडलेलं आहे.

आणि कारण माहीत नसेल, सांगायचंही नसेल, तर आपला साधा ‘गप्प’. तुमच्या वाक्यात मी तोच वापरेन: ‘ती गप्प राहिली.’ त्याआधीचं ‘तिने उत्तर दिलं नाही’ तर काढूनच टाका, एकच गोष्ट दोनदा कशाला? ‘शांत’ तिथे फक्त एकाच परिस्थितीत बसेल, समोरचा तिला डिवचत असेल आणि ती चिडली नसेल तर. म्हणजे ‘शांत’ माणूस बोलतही असू शकतो. ‘तिने शांतपणे त्याला दार दाखवलं.’ तिथे ‘गप्प’ टाकून बघा, जमत नाही.

हा फरक पुस्तकी नाही. पडद्यावरचा पोलीस आरोपीला सांगतो, ‘तुला शांत राहण्याचा अधिकार आहे.’ परदेशी मालिकांच्या मराठी रूपांतरात हे वाक्य हमखास ऐकू येतं आणि मला दर वेळी हसू येतं. शांत राहायला अधिकार कशाला लागतो? आपल्याकडे राज्यघटनेच्या अनुच्छेद २० (३) नुसार आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. तो हक्क न बोलण्याचा आहे. ‘गप्प राहण्याचा’ म्हणा, ‘मौनाचा’ म्हणा. तो माणूस थयथयाट करत असला तरी हक्क शाबूतच राहतो.

‘मूक’चंही तसंच. मूक मोर्चात घोषणा नसतात. ‘मोर्चा शांततेत पार पडला’ म्हणजे दगडफेक झाली नाही, घोषणांनी भले रस्ता दणाणला असेल. २०१६ मध्ये निघालेले मराठा क्रांती मूक मोर्चे दोन्ही होते, म्हणून बातम्यांत दोन्ही शब्द शेजारी दिसायचे आणि त्यात पुनरुक्ती नव्हती. पण ‘मूक’ला आणखी एक वजन आहे. डॉ. आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केला, त्याच्या शिरोभागी तुकोबांच्या ओळी होत्या. त्यांत ‘नव्हे जगीं कोणी मुकियांचा जाण’ हा चरण येतो. इथले मुके म्हणजे ज्यांचं बोलणं कुणी ऐकूनच घेत नाही असे लोक. तुमच्या संग्रहात दबलेल्या माणसांची कथा असेल आणि तिथे मूळात ‘सायलेंट’ असेल, तर ‘शांत’ लिहून तुम्ही त्या माणसांना चक्क समाधानी करून टाकाल.

दुसरं वाक्य सोपं आहे. ‘दुपारी बाजार शांत होता.’ एरवी गजबजलेल्या जागी माणसं नाहीत, यासाठी मराठीत नेमका शब्द आहे, ‘शुकशुकाट’. त्याचाही आवाजाशी संबंध थोडाच. शुकशुकाटात कुत्री भुंकू शकतात, दुकानातला रेडिओ वाजू शकतो. ‘सामसूम’ त्याच्या जवळचा, पण तो जास्त करून रात्रीचा, निजानीज झाल्यानंतरचा, आणि त्यात किंचित भीतीची छटा येते. दुपारच्या बाजाराला शुकशुकाट, रात्रीच्या गल्लीला सामसूम, असं ढोबळपणे धरा. व्यापाराबद्दल बोलायचं असेल, म्हणजे गिऱ्हाईक आहे पण खरेदी नाही, तर बाजार ‘थंड’ असतो.

‘बाजार शांत होता’ हे वाक्य दंगलीनंतरच्या दिवशी मात्र अगदी बरोबर ठरेल. कारण तिथे उसळलेलं काहीतरी आहे. ‘शहरात तणावपूर्ण शांतता’ हा बातम्यांमधला घासून गुळगुळीत झालेला मथळा आठवा. इतर कुठल्या अर्थाने घेतला तर तो विसंगत वाटतो, पण शांतता म्हणजे दंगा नसणं असं धरलं की चपखल बसतो. पोलीस ठाण्याची शांतता समिती, शांततेत पार पडलेलं मतदान, शांतताभंगाचा गुन्हा, सगळीकडे हाच अर्थ चालतो.

आणि इथेच माझ्या कसोटीचा अपवाद. रुग्णालयाबाहेर ‘शांतता क्षेत्र’ अशी पाटी असते, तिथे खरोखरच आवाज मोजलेला असतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार अशा क्षेत्रात दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल ही मर्यादा आहे, रात्र म्हणजे १० ते ६. वाचनालयातलं ‘शांतता राखा’ हेही आवाजाबद्दलच. तेव्हा ‘शांतता’ या नामाने आवाजाचा अर्थही पचवलाय, हे मान्य करायला हवं. माझा अनुभव असा की ‘शांत’ या विशेषणापेक्षा ‘शांतता’ हे नाम जास्त लवचीक आहे. ‘जंगलातली शांतता’ मला खटकत नाही. ‘जंगल शांत होतं’ वाचलं की मात्र मी मागचा परिच्छेद बघतो, काही घडून गेलं का म्हणून.

तिसरं वाक्य, ‘बातमी ऐकून खोली शांत झाली.’ इथे शब्द बदलून भागणार नाही, वाक्यच मोडावं लागेल. खोली गप्प होणं, सभागृह हसणं, गाव झोपणं यातलं गाव झोपणं मराठीला मान्य आहे, सभागृहाचं हसणं चालतं, खोलीचं गप्प होणं उसनं वाटतं. खोलीत माणसं आहेत, त्यांना कर्ता करा. हालचाल थांबली असेल तर ‘सगळे स्तब्ध झाले’. ‘स्तब्ध’ आलाय ‘स्तम्भ्’ या धातूवरून, खांबासारखं ताठ थांबणं. म्हणूनच श्रद्धांजली वाहताना ‘दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून’ म्हणतात. ३० जानेवारीला सकाळी ११ वाजता कार्यालयांत उभे राहतात तेव्हा बोलणं थांबवण्याइतकंच जागेवर थांबणंही अपेक्षित असतं. ‘शांत उभे राहून श्रद्धांजली’ म्हटलं तर चूक नाही, पण ते मुलांना रांगेत उभं करताना म्हणतात तसं ऐकू येतं.

पण तुमच्या वाक्यासाठी मला सगळ्यात आवडणारी सोय वेगळीच आहे, आणि ती शब्दकोशात सापडत नाही. मराठी क्रियापदाचं ‘-ना’ रूप घ्या. ‘कुणी काही बोलेना.’ ‘कुणाच्या तोंडून शब्द फुटेना.’ ‘कुणाला काही सुचेना.’ यात नकार आहे, वेळ हळूहळू जातोय हेही आहे, आणि कुणीतरी बोलावं अशी वाट बघणंही आहे. ‘खोलीत शांतता पसरली’ यात हे काही नाही. ती पसरून मोकळी होते. माझं मत विचाराल तर अनुवादातल्या अर्ध्याअधिक ‘शांतता पसरली’ या एका रूपाने बाद करता येतात. उरलेल्यांपैकी काहींना ‘टाचणी पडली तरी ऐकू येईल’ ही शेपटी जोडलेली असते; ती मी दया न दाखवता कापतो.

‘निवांत’बद्दल दोनच शब्द, कारण तो लोक हौसेने चुकीच्या जागी घालतात. निवांत म्हणजे घाई नसणं. ‘निवांत भेटू’ म्हणजे हातात वेळ ठेवून भेटू. एकांत असला तर दुधात साखर, पण तो अटीत बसत नाही. भयाण प्रसंगानंतर घर निवांत होत नाही.

आतापर्यंतचं थोडक्यात: उसळलेलं निवलं तर शांत, तोंड मिटलं तर का मिटलं ते बघून गप्प-मूक-मौन-मुकाट यांपैकी एक, माणसं नसली तर शुकशुकाट किंवा सामसूम, हालचाल थांबली तर स्तब्ध, घाई नसली तर निवांत. ‘नीरव’ आणि ‘निःशब्द’ मी मुद्दाम वगळलेत. ‘नीरव’ निवेदक काव्यात्म असेल तरच शोभतो, आणि ‘निःशब्द’ हल्ली प्रत्येक फोटोखाली लिहिलेला दिसतो, त्यामुळे त्याचं तेज गेलंय.

बाकी बरंच निवेदकावर अवलंबून आहे, आणि ते मला इथून ठरवता येणार नाही. संवादात तर बोलणारा कुठला यावर सगळं बदलतं. कोल्हापूरकडचा बाप ‘गप बस की’ म्हणेल, नागपूरकडचा ‘चूप बस’. पुण्यामुंबईच्या कानाला ‘चूप’ गप्पपेक्षा कडक लागतो, विदर्भात तो रोजचा आहे. वडीलधाऱ्यांना तर यातलं काहीच म्हणता येत नाही. सून सासऱ्यांना ‘गप्प बसा’ म्हणाली की कथेत भांडण सुरू झालं असं समजा. ती म्हणेल, ‘बाबा, जरा ऐकून घ्या ना.’ मूळात तिथे ‘बी क्वाएट’ असेल तरी.

प्रत्यक्ष काम करताना असं करा. संगणकावर ‘शांत’ शोधा आणि प्रत्येक ठिकाणी आधीची दोन वाक्यं धरून मोठ्याने वाचा. बऱ्याच जागी असं दिसेल की संवाद तुटलाय, कुणीतरी खिडकीकडे बघतंय, म्हणजे न बोलणं वाचकाला कळलेलंच आहे. तिथे शब्द बदलू नका, वाक्यच काढा. उरतील त्यांना वरची कसोटी लावा. आणि जे ‘शांत’ कसोटीला उतरतील ते संपादकांच्या लाल गोलासकट राहू द्या, समासात कारण लिहा. चांगला संपादक ते मान्य करतो.

तिसऱ्या वाक्यातली बातमी कुठली आणि ती कोण सांगतं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मृत्यूची असेल तर ‘कुणी काही बोलेना’ पुरेसं आहे. पण कुणाचं बिंग फुटल्याची असेल तर सगळ्यांची तोंडं वेगवेगळ्या कारणांनी बंद झाली असणार, आणि मग एका वाक्यात नाही निभावणार. तेवढा परिच्छेद कळवा, बघू.